अकरा फुटांची जोडणी

खात्रीसाहेबांनी तेवीस वर्षांत एकही ऑर्डर चुकवली नव्हती. ही गोष्ट ज्याला माहीत नाही असा माणूस त्या इमारतीत औषधालाही सापडला नसता, कारण ती सांगायची संधी खात्रीसाहेब सोडत नसत. लिफ्टमध्ये कुणी नुसतं "काय म्हणताय?" विचारलं तरी तिसरा मजला येईपर्यंत तेवीस वर्षं सांगून व्हायची. लिफ्ट जुनी होती आणि हळू चालायची, त्यामुळे वेळ पुरत असे.

काम सांगायला सोपं होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांची गुंतवणूक कंपनी. लोकांनी म्हातारपणासाठी बाजूला टाकलेला पैसा ही कंपनी शेअर बाजारात गुंतवायची. पण कंपनीला थेट बाजारात उतरता येत नाही, मध्ये ब्रोकर लागतो. तो ब्रोकर बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर होता. मोठे साहेब चिठ्ठीवर लिहायचे की अमक्या कंपनीचे इतके शेअर घ्या. खात्रीसाहेब फोन उचलून ते वर सांगायचे. वरच्या बाई लिहून घ्यायच्या आणि ऑर्डर बाजारात टाकायच्या.

सांगायची मात्र पद्धत होती. आधी खात्रीसाहेब ऑर्डर सांगत. मग बाईंकडून वाचून घेत. मग "घ्यायचेत, विकायचे नाहीत," असं स्वतःच बजावत. सगळं जुळलं की "बरोबर" म्हणत. बाईंच्या नियमात 'बरोबर' हा शब्द आला की ऑर्डर पक्की. एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. खात्रीसाहेब फोन ठेवून दोन मिनिटांनी परत फोन करत आणि विचारत, "मघाशी जे सांगितलं, तेच सांगितलं ना मी?" त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असावं. बाकी जगात ते खात्रीसाहेब होते, आणि घरीसुद्धा रागाच्या वेळी तेच नाव वापरलं जाई.

या वरच्या बाईंना त्यांनी तेवीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. ग्राहक आणि ब्रोकर यांच्या माणसांनी कामापलीकडे संबंध ठेवू नयेत, संगनमताचा संशय येतो, असा नियम दोन्ही कंपन्यांच्या फलकावर लावलेला होता. ब्रोकरच्या माणसांची ये-जा मागच्या गल्लीतून होती. फोन तर सगळे रेकॉर्ड होत. त्यामुळे "आज गारठा आहे" हे वाक्यसुद्धा दोघांनी एकमेकांना कधी ऐकवलं नव्हतं. खात्रीसाहेबांना बाईंबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या. थंडीत त्यांना खोकला होतो, आणि आकडा वाचताना त्या घाई करत नाहीत. माणसाबद्दल याहून जास्त माहिती असायला हवी असं खात्रीसाहेबांना कधी वाटलंही नव्हतं.

तर एका सोमवारी मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"आता फोनवर ऑर्डर देणं बंद," मोठे साहेब म्हणाले. "सगळं जग तारेवरून ऑर्डर देतंय. आपला कंप्युटर त्यांच्या कंप्युटरशी बोलेल. तुम्ही बटण दाबायचं, ऑर्डर थेट बाजारात."

"आणि खात्री, साहेब?"

"यंत्र करेल. एक तारखेला चालू झालं पाहिजे. टेबल तुमच्याकडेच राहील, पण एक लक्षात ठेवा. या जोडणीत एक जरी चूक तुमच्या नावावर लागली, तर निवृत्तीपर्यंतचे चौदा महिने खाली दप्तरखोलीत."

दप्तरखोली तळघरात होती. तिथे फोन नव्हता, खिडकी नव्हती आणि एक दिवा होता. आधी जो माणूस तिथे पाठवला होता तो परत वर आलेला कुणी पाहिला नव्हता. तो निवृत्त झाला असावा असा सगळ्यांचा अंदाज होता.

"घाबरू नका," मोठे साहेब म्हणाले. "सल्लागार नेमलाय. फार हुशार माणूस आहे."

दार उघडलं आणि खात्रीसाहेबांचे साडू आत आले.

आता साडू म्हणजे काय, हे लग्न झालेल्या पुरुषाला समजावून सांगायला नको, आणि न झालेल्याला सांगून उपयोग नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा गेली वीस वर्षं कंप्युटरमध्ये काहीतरी करत होता. नक्की काय, हे विचारलं की तो म्हणायचा, "सिंपल आहे," आणि पुढे काही सांगायचा नाही. घरात काही बंद पडलं की बायको म्हणायची, "भाऊजी असते तर दोन मिनिटांत केलं असतं." आता भाऊजी ऑफिसातच आले होते.

"सिंपल आहे," साडू खुर्चीत बसत म्हणाले. "तीन आठवडे."

पहिल्या आठवड्यात तारेचा मार्ग ठरला. वरचा मजला अकरा फुटांवर आहे, हे खात्रीसाहेबांनी मोजून काढलं होतं. म्हणजे टेबलावर खुर्ची ठेवून, तिच्यावर उभं राहून ते फीत लावत होते, तेव्हाच मोठे साहेब पाहुण्यांना ऑफिस दाखवायला आत आले. पाहुण्यांना "हे आमचे सर्वांत अनुभवी कर्मचारी" अशी ओळख करून देण्यात आली आणि सर्वांत अनुभवी कर्मचाऱ्यांनी छताला एक हात टेकवून दुसऱ्या हाताने नमस्कार केला. घराशेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांचा सल्ला स्पष्ट होता. "भोक पाडा. तार वर सोडा. दुपारी जेवायला घरी या." हा सल्ला खात्रीसाहेबांनी बैठकीत मांडला तेव्हा साडूंनी मान खाली घालून हसू दाबलं. थेट भोक पाडणं सुरक्षित नाही, ते म्हणाले. जोडणी मान्यताप्राप्त जाळ्यातूनच जायला हवी. म्हणून तार तिसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्यात उतरली, तिथून दोनशे किलोमीटरवरच्या एका केंद्रात गेली, ते केंद्र बंद पडलं तर पंचाईत नको म्हणून दुसऱ्या शहरातल्या केंद्राला वळसा घालून आली, आणि मागच्या गल्लीने चौथ्या मजल्यावर चढली. साडूंनी भिंतीवर नकाशा लावला. सगळे त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते आणि खात्रीसाहेब अधूनमधून छताकडे पाहत होते.

दुसऱ्या आठवड्यात एक फॉर्म आला. त्यात चौपन्न रकाने होते आणि त्रेपन्न बिनतक्रार भरले गेले. चौपन्नावा होता : 'रोज सकाळी कोणाचे यंत्र आधी हाक मारेल?' यंत्रांमधला शिष्टाचार असा की एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. मग दोघांनी दर तीस सेकंदांनी एकमेकांना 'मी आहे' असं सांगत राहायचं. नाही सांगितलं की समोरचं यंत्र 'आहात का?' विचारतं, आणि तरी उत्तर नाही आलं तर समोरचा वारला असं धरून चालतं.

मोठ्या साहेबांनी तो रकाना वाचला आणि चष्मा काढला. "आपण ग्राहक आहोत. आपण का हाक मारायची? गरज त्यांना आहे." साडू हे वर जाऊन सांगून आले. सल्लागाराला दोन्ही मजल्यांवर जायची परवानगी होती, आणि तिचा ते मनापासून आनंद घेत होते. वरचे मालक म्हणाले, "आमच्याकडे शंभर गिऱ्हाईकं येतात. आम्ही कुणाच्या दारात जाऊन हाका मारत नाही." दोन व्याह्यांसारखे दोघे हटून बसले. चार दिवस साडू जिन्यावरून वरखाली करत होते. शेवटी दोन्ही साहेबांनी आपापल्या माणसांना गुपचूप सांगितलं की रकाना काही का असेना, आपल्या यंत्रात 'आम्ही ओ देऊ' असंच भरा.

म्हणून जोडणी झाली त्या दिवशी दोन्ही यंत्रं सुरू झाली, दोन्हींचे हिरवे दिवे लागले आणि दोन्ही यंत्रं समोरच्याच्या हाकेची वाट पाहत बसली. आठ दिवस बसली. चूक कुठे आहे ते शोधायला दोन्ही केंद्रांची माणसं येऊन तारा तपासून गेली. तारा उत्तम होत्या, शांतता तर त्याहून उत्तम होती. आठव्या दिवशी खात्रीसाहेबांनी न राहवून वर फोन केला, तेव्हा वरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडचे लोक म्हणतायत तुमचं यंत्र बोलत नाही." "आमच्याकडचे म्हणतायत तुमचं बोलत नाही," खात्रीसाहेब म्हणाले. मग दोघांनीही आपापल्या साहेबांना जाऊन सांगितलं, आणि दोन्ही साहेबांनी मोठ्या मनाने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रं एकाच वेळी हाका मारू लागली आणि दोन्हींना समोरची लाइन सतत व्यस्त मिळू लागली. यात आणखी तीन दिवस गेले. अखेर चौपन्नाव्या रकान्यात साडूंनी स्वतःच्या अधिकारात खालच्या मजल्याचं नाव भरलं आणि मोठ्या साहेबांना सांगितलंच नाही. साडूंनी त्या सगळ्या कामात केलेली ही एकमेव उपयोगाची गोष्ट, असं खात्रीसाहेब नंतर घरी म्हणाले, आणि बायकोने "म्हणजे केली ना त्यांनीच!" असं म्हणून ताट पुढे सरकवलं.

मग चाचण्या सुरू झाल्या. खात्रीसाहेबांना एक गोष्ट मनापासून आवडली. यंत्र प्रत्येक निरोपाला आकडा देत असे. एक, दोन, तीन. समोरच्याला चाळीसनंतर एकदम बेचाळीस मिळाला की ते अडून बसायचं : एक्केचाळीस कुठे आहे ते आधी सांगा, मगच पुढचं बोलू. "हा माझ्या स्वभावाचा आहे," खात्रीसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी पडद्याकडे जरा प्रेमाने पाहिलं.

पण वरच्या मजल्यावर जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं बंद करायची शिस्त होती. मालकांनी ती तीस वर्षांपूर्वी वीज वाचवायला घातली होती आणि ती मोडण्याची कुणाची छाती नव्हती. एक वाजला की खटाखट बटणं बंद. दोन वाजता वरचं यंत्र सुरू व्हायचं आणि म्हणायचं, एक. खालचं म्हणायचं, दोनशे तेरा. मग दोघेही अडून बसायचे. आकडे जुळवायचे तर दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकाच क्षणी बटण दाबावं लागे, आणि तो क्षण ठरवायला फोन करावा लागे. त्यामुळे फोन बंद करण्यासाठी आणलेल्या यंत्रासाठी रोज दोन वाजता खात्रीसाहेब वरच्या बाईंना फोन करत. "तयार?" "तयार." "दाबू?" "दाबा." "दाबलं ना?" "दाबलं, साहेब." साडूंच्या अहवालात या फोनचा उल्लेख नव्हता.

एक तारीख उजाडली. खात्रीसाहेबांनी नवा सदरा घातला. बायको म्हणाली, "भाऊजी आहेत ना तिथे, मग काळजी कसली?" शेजारचे गृहस्थ फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "अजूनही भोक पाडता येईल."

ऑफिसात मोठे साहेब, साडू आणि आठदहा माणसं टेबलाभोवती उभी होती. मोठ्या साहेबांनी चिठ्ठी दिली : एका पाइप बनवणाऱ्या कंपनीचे दहा हजार शेअर घ्या. खात्रीसाहेबांनी ती तीनदा वाचली, आकडे भरले, तीनदा तपासले आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : ऑर्डर स्वीकारली. टाळ्या वाजल्या. साडूंनी त्या स्वीकारल्या. पेढ्यासारखं काहीतरी तोंडात घालायला मिळतं का हे बघत माणसं पांगली.

खात्रीसाहेब एकटे उरले. त्यांना चैन पडेना. ऑर्डर गेली हे यंत्र सांगत होतं, पण यंत्राचं काय, ते आठ दिवस हिरवा दिवा लावून गप्प बसलेलं त्यांनी पाहिलं होतं. हात आपोआप फोनकडे गेला.

"मॅडम, ऑर्डर आली ना? पाइपवाल्यांचे दहा हजार. घ्यायचेत."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तारेवरून आलेली ऑर्डर बाईंच्या टेबलावर येतच नव्हती. ती मागच्या खोलीतल्या यंत्रात शिरायची आणि तिथूनच बाजारात जायची. वरच्या मालकांनी बाईंना लेखी कळवलं होतं की तारेचं तारवाले बघतील, तुम्ही फक्त फोनचं बघा, एकमेकांत ढवळाढवळ नको. बाई फोनचं बघत होत्या.

"पाइपवाल्यांचे दहा हजार. घ्यायचे," बाईंनी वाचून दाखवलं.

"विकायचे नाहीत."

"विकायचे नाहीत."

"बरोबर," खात्रीसाहेब म्हणाले आणि हलक्या मनाने फोन ठेवला.

पंधरा मिनिटांनी साडू पडद्यापाशी येऊन म्हणाले, "वीस हजार कसे आले?"

खात्रीसाहेबांनी तो आकडा दोनदा वाचला. पण अजून काही बिघडलं नव्हतं. जास्तीचे दहा हजार विकून टाकले की झालं. त्यांनी विक्रीचं बटण दाबलं. मग मनात आलं की बाईंना हे सांगायला हवं, नाहीतर त्या काळजी करत बसतील. माणुसकी म्हणून काही असतं.

"मॅडम, घोळ झाला. दहा हजार जास्त आलेत. ते विकायचे."

"दहा हजार. विकायचे," बाईंनी वाचलं.

"बरोबर."

आता हातात एकही शेअर नव्हता. साडूंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही फोनला हात लावू नका," ते दरडावून म्हणाले, "आता मी करतो." आणि त्यांनी स्वतः दहा हजारांची खरेदी भरून बटण दाबलं. त्या वेळी बरोबर एक वाजला होता. वर खटाखट बटणं बंद झाली. ऑर्डरला उत्तर येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साडू 'आहात का?' असं विचारणारं बटण दाबत राहिले आणि यंत्राने शेवटी समोरचा वारल्याचं जाहीर केलं. मोठे साहेब केबिनमधून ओरडले, "दर चढतोय! फोन करा, काही करा!" साहेबांचा हुकूम म्हटल्यावर खात्रीसाहेबांनी फोन केला. बाईंच्या फोनला सुट्टी नव्हती; त्यांनी डबा बाजूला ठेवून ऑर्डर फोनवरूनच बाजारात टाकली. दोन वाजता आकडे जुळवून अडकलेले निरोप पुसायचं बटण या गडबडीत कुणी दाबलंच नाही. वरचं यंत्र जागं झालं, आपल्याला एक निरोप कमी मिळालाय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने तो मागितला. खालच्या यंत्राने तो इमानदारीने परत पाठवला. पुन्हा वीस हजार.

खात्रीसाहेबांचं डोकं आता शांत झालं होतं. त्यांनी जास्तीचे दहा हजार विकायची ऑर्डर तारेवरून टाकली आणि फोन टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला. दोन मिनिटं गेली. आयुष्यात पहिल्यांदा ते खात्री न करता बसले होते.

खणात फोन वाजला.

"साहेब," वरच्या बाई म्हणाल्या, "तुमचा फोन आला नाही म्हणून मीच केला. म्हटलं, तब्येत ठीक आहे ना. मागच्या खोलीतले म्हणतायत तुमच्याकडे वीस हजार झालेत. दहा हजार विकायचेच असतील ना?"

तेवीस वर्षांची सवय. तोंड उघडायच्या आधीच शब्द बाहेर आला होता.

"बरोबर."

बाजार बंद झाला तेव्हा दिवसभरात खरेदी-विक्री मिळून ऐंशी हजार शेअरचा व्यवहार झाला होता आणि हातात एकही नव्हता. संध्याकाळी पाइपवाल्या कंपनीच्या संचालकांचा मोठ्या साहेबांना फोन आला. सकाळी तुम्ही आमच्यावर एवढे खूश कशाने झालात आणि लगेच एवढे नाराज कशाने झालात, असं ते काकुळतीने विचारत होते. आमच्या पाइपांबद्दल काही तक्रार असेल तर माणूस पाठवतो, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. दोन्ही कंपन्यांचे मालक आणि साडू, अशी समिती. साडूंनी निरोपांचे छापील कागद पसरले आणि सिद्ध केलं की यंत्राने एकही चूक केली नाही. जे सांगितलं ते केलं, जे मागितलं ते दिलं, मोजताना एकही आकडा गाळला नाही. म्हणजे चूक माणसाची. खालच्या तरी किंवा वरच्या तरी. समितीच्या नमुन्यात 'चूक कोणाची' यापुढे एकाच नावाची जागा होती. ते नाव उद्या सकाळपर्यंत भरायचं होतं, आणि दोघांनीही आपलं म्हणणं बंद पाकिटात लेखी द्यायचं होतं.

"सिंपल आहे," साडू जिन्यात खात्रीसाहेबांना बाजूला घेऊन म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "घरचे आहात म्हणून सांगतो. तिने ओळखायला हवं होतं असं लिहून द्या. तसंही तिचं टेबल बंदच करायचं चाललंय. दीड वर्ष राहिलंय तिचं. नाव लागलं की उद्यापासून घरी."

"घरी? दप्तरखोलीत नाही?"

"वर दप्तरखोली नाही. चौथा मजला आहे तो."

त्या संध्याकाळी खात्रीसाहेब जेवायला बसले आणि तसेच उठले. शेजारच्या गृहस्थांनी भिंतीपलीकडून सल्ला दिला की सगळं यंत्रावर ढकला, यंत्राला पेन्शन नसते. पण यंत्र तर सुटलं होतं. बायकोने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्या बाई कशा आहेत हो?"

"माहीत नाही," खात्रीसाहेब म्हणाले. "आकडे फार नीट वाचतात."

"मग भाऊजी म्हणतात तसं लिहू नका," बायको म्हणाली, आणि भाऊजींच्या विरुद्ध तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य असल्यामुळे दोघेही जरा दचकले.

खात्रीसाहेबांना रडू आलं नाही, पण येऊ शकलं असतं. तेवीस वर्षं जपलेली एकच गोष्ट होती आणि ती आपल्याच हाताने पुसायची होती. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं की चूक सर्वस्वी माझी आहे. फोन मी केला, सवयीने केला, समोरच्या व्यक्तीने नियमाप्रमाणे काम केलं, तिचा काडीचाही दोष नाही. खाली सही केली. कागद तीनदा वाचला. पाकीट चिकटवलं आणि सकाळी कुणाशी एक शब्द न बोलता समितीच्या पेटीत टाकून आपल्या टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरायला घेतल्या. एक पेन, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. तेवीस वर्षांच्या मानाने पिशवी फारच हलकी झाली.

अकरा वाजता मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. वरचे मालकही बसले होते. साडूंचा चेहरा उतरला होता.

"दोन पाकिटं आली," मोठे साहेब म्हणाले. "तुमच्यात लिहिलंय की चूक सर्वस्वी तुमची. वरच्या बाईंच्यात लिहिलंय की चूक सर्वस्वी त्यांची. शेवटचा फोन त्यांनीच केला, तुमचा काहीही संबंध नाही."

खात्रीसाहेबांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते बसले.

"आता नाव कोणाचं भरायचं?" वरचे मालक चिडून म्हणाले. "जागा एकाची. आमच्या माणसाची चूक आमचीच, आम्ही मागे हटणार नाही."

"अशी कशी तुमची?" मोठ्या साहेबांना चेव चढला. "आमच्या माणसाने आधी कबूल केलंय!"

चौपन्नाव्या रकान्यावरून पंधरा दिवस गेले होते. यावर किती जातील हे कुणालाच सांगता येईना. तासाभराच्या वादावादीनंतर साडूंनी तोड काढली. जोडणीच्या नियमांत असं कलम होतं की एकाच व्यवहाराबद्दल दोन्ही बाजूंचे निरोप एकमेकांशी जुळत नसतील, तर दोन्ही निरोप रद्द समजावेत. दोन्ही कबुल्या रद्द झाल्या. उरलं काही नाही. नमुन्यात नोंद झाली : चूक आढळली नाही. शिवाय रोज दोन वाजता आकडे जुळवायला दोन्ही मजल्यांवर फोनपाशी एकेक माणूस लागतोच, हे साडूंना आता कागदावर मान्य करावं लागलं, म्हणून दोन्ही टेबलं निवृत्तीपर्यंत कायम ठेवण्यात आली. दोन्ही मालकांनी हस्तांदोलन केलं आणि पाइपवाल्यांना खुलाशाचं पत्र पाठवायचं ठरलं.

खात्रीसाहेब बाहेर आले. पिशवी तशीच हातात होती. तेवीस वर्षं बिनचूक, आता तर कागदावर सिद्ध झालेली. कुणाला तरी सांगायला हवं होतं, पण लिफ्ट समोर येऊन उभी राहिली तरी ते आत गेले नाहीत. ते इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले आणि तिथला जिना चढू लागले. चार मजले, आणि गुडघे काही तेवीस वर्षांपूर्वीचे नव्हते. दारावर फलक होता की ग्राहकाच्या माणसांना प्रवेश नाही. त्यांनी तो वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि दार ढकललं.

खिडकीपाशी एका लहानशा टेबलामागे पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, समोर फोन, फोनशेजारी अगदी सरळ रेषेत ठेवलेल्या तीन पेन्सिली. त्यांनी मान वर केली. खात्रीसाहेबांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यावरून बाईंनी त्यांना ओळखलं.

"साहेब, तुम्ही?"

"मॅडम," खात्रीसाहेब म्हणाले, "तुम्ही असं का लिहिलंत? तुमचं दीड वर्ष राहिलंय. सगळं गेलं असतं."

"आणि तुम्ही?" बाईंचा आवाज चढला. फोनवर तो कधीच चढला नव्हता. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. अहो, मघाशी सांगितलं तेच सांगितलं ना, म्हणून तेवीस वर्षं रोज दोनदोनदा फोन करता. हे लिहायच्या आधी एक फोन करायचं सुचलं नाही तुम्हाला?"

खात्रीसाहेब जिन्याने दमले होते. बाईंनी समोरची खुर्ची पुढे सरकवली, आणि ते बसले.